सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट : शब्द आणि त्यांमागील देणेघेणे

कुडाळ तालुक्यातील बोलीच्या शब्दसंग्रहाचे काम करीत असताना एका घरी मला एक कागद दाखविण्यात आला. कागद मुद्रांकावर टंकलिखित केलेला होता; खाली नोटरीचा शिक्का आणि दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या सह्या होत्या. वर ठळक अक्षरांत 'सोडचिठ्ठी व फारकतनामा' असा मथळा. दाखविणाऱ्या वृद्ध बाई म्हणाल्या, "मास्तरांनू, ह्या कागदावर काय लिवलला आसा तां सांगा." कागद त्यांच्या मुलीचा होता आणि मुलगी शेजारीच, भिंतीला टेकून बसली होती. एकरकमी ठरलेली रक्कम मिळाली, अंगावरचे दागिने परत मिळाले, यापुढे पोटगी, घर व जमीन यांबाबत कसलाही हक्क राहिला नाही आणि उभयता पुनर्विवाहास मोकळी आहेत, असा मजकूर होता. अवघ्या दीड पानात 'सोडणे' हे क्रियापद निरनिराळ्या रूपांनी सात वेळा आले होते.

मी भाषेचा अभ्यासक, वकील नव्हे. परंतु त्या कागदावरील प्रत्येक शब्दामागे पैशाचा किंवा हक्काचा एकेक प्रश्न उभा आहे, आणि शब्दांचा इतिहास नीट पाहिला तर कायद्यातील गुंताही बराच उलगडतो, असे मला वाटते. शिवाय आपल्या विभागातील विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी गावोगाव जातात. असे कागद त्यांच्याही पुढ्यात येणार. तेव्हा त्यांना ते वाचता आले पाहिजेत.

प्रथम 'घटस्फोट' हा शब्द घेऊ. आज तो पूर्णतः कायद्याचा शब्द झाला आहे. परंतु त्याचा मूळ विधी विवाहाशी संबंधित नाही. धर्मशास्त्रात पतित ठरविलेल्या माणसास कुळाबाहेर टाकताना, तो जिवंत असतानाच मेला असे समजून, दासीकरवी पाण्याने भरलेला घट उपडा करविण्याचा विधी सांगितला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो येतो. त्यानंतर त्या माणसाशी संभाषण नाही, सहवास नाही आणि दायभागही नाही, असे तेथे स्पष्ट आहे. म्हणजे घट फुटण्यात वाटा बुडणे हा अर्थ मुळापासून होता. आधुनिक मराठीने हा बहिष्काराचा शब्द पतिपत्नींच्या विभक्तीसाठी का उचलला असावा, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. मात्र सुशिक्षितांचा शब्द बहिष्काराच्या विधीतून यावा आणि अशिक्षित समजल्या गेलेल्या जातींचा शब्द साधा व्यवहारी असावा, हे मला सूचक वाटते.

तो व्यवहारी शब्द म्हणजे 'काडीमोड'. जातीच्या पंचांसमोर गवताची काडी मोडावयाची, की संबंध तुटला. त्याचा लेखी जोडीदार 'सोडचिठ्ठी'. आर्थर स्टील याने मुंबई सरकारसाठी दख्खनमधील जातींच्या चालीरीती संकलित केल्या. ते पुस्तक १८२७ साली आणि पुन्हा १८६८ साली प्रसिद्ध झाले. पाट लावण्याची चाल असलेल्या जातींत सोडचिठ्ठीनंतर स्त्रीस पुन्हा घरोबा करता येई, आणि कित्येक ठिकाणी नव्या नवऱ्याने पहिल्याचा लग्नखर्च भरून द्यावा असा रिवाज होता. खर्च कोणाचा, कोणी कोणाला द्यावयाचा, हे ठरल्याशिवाय काडी मोडत नसे.

'फारकत' हा शब्द तर सरळ हिशेबाच्या वहीतून आला आहे. जुने रूप 'फारखत'. त्यात अरबी 'फारिग', म्हणजे मोकळा, आणि 'खत', म्हणजे लेख, असे दोन अवयव आहेत. कर्ज फिटल्यावर सावकाराने ऋणकोस लिहून द्यावयाची पावती ती फारखत. भाऊ विभक्त होताना एकमेकांस लिहून देत ती फारखत. नवरा बायकोस लिहून देई तीही फारखतच. पुढे विरहवाचक 'फुर्कत' या शब्दाची छाया त्यावर पडली असावी. पण लेखी मोकळीक हा अर्थ अधिक जुना दिसतो. तिन्ही व्यवहारांत कल्पना एकच : देणेघेणे संपले. आणि नेमका हाच दावा आजच्या कायद्याला मान्य नाही.

तो का मान्य नाही हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विवाहसंबंधातून सुटण्यास 'मोक्ष' म्हटले आहे. धर्म्य विवाहांना तो नाही. इतरांत परस्परद्वेष असेल तर तो मिळतो. त्यातील आर्थिक नियम आजच्या वाचकास चकित करील. स्त्रीच्या अपराधामुळे पुरुष मोक्ष मागत असेल तर त्याने तिच्याकडून जे घेतले ते परत करावे. पुरुषाच्या अपराधामुळे स्त्री मोक्ष मागत असेल तर मात्र तिला ते परत मिळू नये. अपराध कोणाचा यावर पैसा अवलंबून नाही, सुटका कोण मागतो यावर आहे. ज्याला जावयाचे त्याने सोडावे, हा त्यामागील विचार. कुडाळच्या त्या कागदातही तोच विचार होता, दोन हजार वर्षांनंतर.

ब्रिटिश न्यायालयांनी जातपंचायतीचा हा अधिकार नाकारला. १८७६ च्या एका निर्णयात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की विवाह रद्द ठरविण्याचा वा स्त्रीस पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. दुसरीकडे उच्चवर्णीय हिंदूंना घटस्फोटाची सोयच नव्हती. रखमाबाईंचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८८४ साली त्यांच्या पतीने दावा लावला. १८८७ साली नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा असा आदेश झाला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडली. कायद्याच्या दृष्टीने तो घटस्फोट नव्हताच, तो सुटकेचा मोबदला होता. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांतात १९४७ साली तसा कायदा झाला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सर्व देशासाठी एक व्यवस्था आली.

या १९५५ च्या कायद्यात कलम २९ मध्ये एक लहानसे पोटकलम आहे. रूढीने चालत आलेला विवाहविच्छेदाचा हक्क त्याने राखून ठेवला. मुद्रांकावरील सोडचिठ्ठ्यांना जो काही आधार आहे तो एवढाच, आणि तोही फार बारीक. अशी रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी चालत आली आहे, आणि ती आपल्याच जातीत वा कुळात आहे, हे न्यायालयात स्पष्टपणे मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले. नुसता कागद ही रूढी नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्यानेही नोटरींना विवाहाचे वा घटस्फोटाचे लेख करू नयेत अशी सूचना दिली. तात्पर्य, ज्या घरात मी बसलो होतो त्या घरातील मुलगी कायद्याने अद्याप विवाहित होती.

यात धोका कोणता? तिने त्या कागदावर विसंबून दुसरे लग्न केले तर ते लग्न शून्य ठरते आणि भारतीय न्यायसंहितेच्या कलम ८२ खाली तो अपराधही होऊ शकतो. पुढे दुसऱ्या नवऱ्याने टाकले तर पोटगी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली 'पत्नी' म्हणजे विधिवत् विवाहित पत्नीच असा अर्थ लावला होता. मात्र ३० जानेवारी २०२५ च्या निर्णयात, पहिल्या नवऱ्यापासून केवळ समजुतीच्या करारपत्राने विभक्त झालेल्या स्त्रीस दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळू शकते असे न्यायालयाने मान्य केले. त्या नवऱ्यास पहिल्या विवाहाची माहिती होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत, विवाह शून्य ठरला तरी कलम २५ खाली कायम पोटगी देता येते, असेही ठरले. न्यायालये अशा स्त्रियांकडे सहानुभूतीने पाहू लागली आहेत हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळणाऱ्या सहानुभूतीवर कुडाळच्या बाईने संसार मांडावा, असे कोण म्हणेल?

दोघांनाही वेगळे व्हावयाचे असेल तर योग्य मार्ग उपलब्ध आहे. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब आले : एक वर्ष विभक्त राहून संयुक्त अर्ज करावयाचा, सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा हजर व्हावयाचे. हा सहा महिन्यांचा अवधी योग्य प्रसंगी माफ करता येतो, असे २०१७ साली ठरले. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो, एवढेच. म्हणजे मुद्रांक, टंकलेखन व नोटरी यांवर त्या कुटुंबाने केलेला खर्च ज्या गोष्टीसाठी झाला, ती गोष्ट त्याहून कमी खर्चात खरोखर मिळण्याजोगी होती.

आता 'पोटगी' या शब्दाकडे वळू. 'पोट' हा देशी शब्द आणि '-गी' हा फारसी प्रत्यय यांचा तो संकर आहे; मूळ अर्थ पोटापुरता खर्च. या अर्थाची सावली अजून गेलेली नाही. वकील 'निर्वाहखर्च' म्हणोत की 'कायम पोटगी', घेणारीच्या मनात ती भिक्षा असते आणि देणाऱ्याच्या मनात दंड. कायद्याच्या मनात यांपैकी काहीच नाही. दावा चालू असतानाची पोटगी कलम २४ खाली आणि निकालानंतरची कलम २५ खाली, पतीलाही मागता येते. शीघ्र मार्ग म्हणजे पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. घटस्फोटित स्त्रीसही, तिने पुन्हा लग्न केले नसेल तर, तो मार्ग खुला असतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी पक्क्या केल्या : दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता व कर्जे शपथपत्रावर उघड करावयाची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची. पहिली गोष्ट आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे, कारण मुंबईतील चाकरमान्याचा पगार नेमका किती, हे गावी राहिलेल्या बायकोस बहुधा कधीच कळलेले नसते.

'यापुढे पोटगीवर हक्क नाही' या वाक्याचे काय? असे वाक्य लिहून घेतले म्हणजे काम झाले, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु भावी निर्वाहाचा हक्क अशा रीतीने कायमचा सोडून देणे सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध आहे, आणि पूर्वी असे मान्य केले असले तरी पत्नीस १९५६ च्या कायद्याखाली पुन्हा मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. फारकतीचा जुना अर्थ, देणेघेणे संपले हा, येथे कायद्याशी उघड टक्कर घेतो. ऋणको एकदा फेडून मोकळा होतो. पोट मात्र रोज लागते. एकरकमी घ्यावे की दरमहा, याचा निर्णय करताना आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निर्णयाप्रमाणे एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त, आणि दरमहाची रक्कम उत्पन्न समजली जाते. ग्रामीण कुटुंबात कराचा प्रश्न क्वचितच येतो. तेथे खरी चिंता दरमहाची रक्कम चौथ्या महिन्यापासून येईल का, ही असते. त्यासाठी कलम २५ मध्येच तरतूद आहे : न्यायालय पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवू शकते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तो लागला की जमीन विकताना तो आडवा येतो.

तथापि सिंधुदुर्गात या उपायाला एक स्थानिक अडथळा आहे. सातबाऱ्यावर नवऱ्याचे एकट्याचे नाव अपवादानेच असते; आजोबांच्या पिढीपासूनची वीसपंचवीस नावे सामाईक असतात आणि घर तर कोणाच्याच नावाने वाटलेले नसते. नवऱ्याला हिस्सा आहे, पण दाखविता येईल असा तुकडा नाही. अशा स्थितीत स्त्रीच्या पदरी राहण्याचा हक्क हाच अधिक ठोस ठरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तो दिला आहे, आणि घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सामाईक निवास म्हणून तो मागता येतो, असे ऑक्टोबर २०२० मध्ये ठरले.

येथे एका शब्दाच्या अभावाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत 'संसार' म्हणजे एकाच वेळी सहजीवन आणि त्याची सामग्री. 'माझो संसार' म्हणताना मालवणी बाईच्या डोळ्यांपुढे भांडी, गुरे, माड, परसातला मांडव आणि वीस वर्षांचे कष्ट असतात. महाराष्ट्रात लागू असलेल्या हिंदू कायद्यात मात्र या अर्थाचा शब्द नाही. स्त्रीधन तिचे एकटीचे. ते नवऱ्याकडे केवळ विश्वासाने ठेवलेले असते, हे १९८५ साली आणि पुन्हा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंची वाटणी कलम २७ खाली होते. बाकी सर्व ज्याच्या नावावर त्याचे. तिच्या कष्टाने उभे राहिलेले घर नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यात तिचा मालकीचा वाटा नाही. पतीच्या मालमत्तेतून भरपाई देण्याची तरतूद असलेले एक विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले. लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते २०१४ साली लोप पावले. स्त्रीधनाच्या बाबतीतही एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे दागिने सोनेतारणात ठेवण्याची पद्धत फार. तारणाची पावती नवऱ्याच्या नावाने असेल, तर दागिने तिचे हे सिद्ध करण्यास लग्नातील छायाचित्रे आणि सोनाराच्या पावत्या हाच आधार उरतो. त्याचप्रमाणे बँकेच्या कर्जावर तिची सहकर्जदार म्हणून सही असेल, तर हुकूमनाम्यानेही ते देणे सुटत नाही. बँक त्या दाव्यात पक्षकार नसते.

आणि हे सर्व तेरेखोलच्या अलीकडचे. नदी ओलांडली की चित्र बदलते. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, १८८० चा हिंदूंच्या चालीरीतींविषयीचा हुकूमनामा आणि ३ नोव्हेंबर १९१० चा घटस्फोटाचा हुकूमनामा यांची परंपरा १९६१ नंतरही कायम राहिली. लग्नापूर्वी वेगळा करार नोंदला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि विच्छेदाच्या वेळी तिचे दोन समान भाग पडतात. कर्जेही सामाईक होतात, हे सांगण्यास लोक विसरतात. पेडण्यात जी सून निम्म्याची धनीण असते तिची कुडाळात दिलेली बहीण पोटगीची अर्जदार असते. दोन्ही घरांत बोली एकच, देव एकच, आणि संसार हा शब्दही एकच. सीमेपलीकडे सोयरीक करणाऱ्या कुटुंबांनी वधूवरांचा अधिवास आणि नोंदणी या दोन गोष्टींची चौकशी मुहूर्ताआधी करावी. कोणता कायदा लागू, हे त्यांवर अवलंबून असते.

मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत, त्यांचा विस्तार येथे करीत नाही. एवढे सांगणे पुरे, की मुसलमान घटस्फोटितेसही पोटगीचा सर्वसाधारण मार्ग खुला आहे, असे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

बोलीच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी एक गोष्ट साक्षीपुराव्याच्या संदर्भात आहे. मालवणीत 'घोवान टाकल्यान' या रचनेत कर्ता पुरुष असतो. पण छळाला कंटाळून बाई निघाली, की तेच गाव म्हणते, 'ती कुळारा गेली'. हे क्रियापद अकर्मक. त्यात कोणी घालविले याला जागाच नाही. कायद्यात दोन वर्षांचा अभित्याग हे घटस्फोटाचे कारण आहे, आणि कोणी कोणास सोडले यावर निकाल फिरतो. शेजारच्या साक्षीदाराने निर्मळ मनाने उच्चारलेले 'ती गेली' हे वाक्य जबानीत तसेच उतरले, तर सोडणारी ती ठरते. वस्तुतः घालविणाऱ्याचे वर्तन हाही अभित्यागच होऊ शकतो, हे कायदा मानतो. परंतु ते प्रश्न विचारून बाहेर काढावे लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेपासून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. ती कोणती मराठी, हा प्रश्न उरतोच.

पुन्हा त्या घरी येतो. कागद वाचून झाल्यावर मी मुलीस विचारले, की आता राहावयाचे कोठे? तिने वर, माडीकडे पाहिले. घर वडिलांचे, आता भावांचे. १९५६ च्या वारसा कायद्यात, राहत्या घरी राहण्याचा हक्क असलेल्या मुलींत अविवाहित, विधवा आणि नवऱ्यापासून विभक्त झालेल्या वा टाकलेल्या मुलींचाच समावेश होता. वाटणी मात्र भावांनी मागितल्याशिवाय तिला मागता येत नसे. ते कलम २३, ९ सप्टेंबर २००५ रोजी गेले, आणि मुलगी जन्मतःच वाटेकरी झाली. हे मी सांगू लागलो तेव्हा आईने मान हलविली. वडील वारल्यावर वारसनोंदीच्या वेळी मुलीने सही केली होती. तो कागद तिने आतून आणला. त्यावर मथळा होता 'हक्कसोडपत्र'.

म्हणजे सातवर आठवे 'सोडणे'. एका कागदाने नवऱ्याने तिला सोडले होते आणि त्याआधी दुसऱ्या कागदाने तिने भावांसाठी वाटा सोडला होता. दोहोंत फरक असा, की पहिला, नवऱ्याच्या समजुतीप्रमाणे सगळे संपवणारा, कायद्याने बहुधा काहीच संपवीत नव्हता. आणि दुसरा, घरात ज्याला कोणी कागद म्हणून मोजीतच नव्हते, तो नोंदणीकृत होता आणि पक्का होता. फसवणूक वा दडपण सिद्ध करूनच तो मोडता आला असता, आणि भावांविरुद्ध तसे बोलण्यास ती तयार नव्हती.

तिने पहिल्या कागदाची छायाप्रत मला दिली आणि विधी सेवा समितीचा पत्ता लिहून घेतला. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठीही तिला विचारणा झाली होती; त्या योजनेत घटस्फोट झालेल्या परंतु पोटगी न मिळालेल्या, तसेच घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांचा समावेश आहे. अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना होता. तेथे तिने 'फारकत' असे लिहिले होते. तो शब्द खोडून काय लिहावे, असे तिने मला विचारले. दावा दाखल होईपर्यंत 'विवाहित, विभक्त' असे लिहावे, असे मी सांगितले, आणि दावा दाखल झाला की त्याचा क्रमांक जोडावा, असेही.